माकड कुठल्या पानावर?

एक सोपा प्रश्न विचारू? शोधपेटीत तुम्ही 'कोकण रेल्वे' असं लिहिलंत आणि बटण दाबलंत. पापणी लवते न लवते तोच उत्तरं हजर! आता सांगा, तेवढ्या वेळात शोधयंत्राने जगभरातल्या किती संकेतस्थळांना भेट दिली?

लाखो? कोट्यवधी? छे. एकालाही नाही!

आणि देऊन चालणारही नाही. गूगलच्याच सांगण्याप्रमाणे त्यांच्या नोंदीत शेकडो अब्ज पानं आहेत. आपण फक्त १०० अब्ज धरू. सेकंदाला एक पान या वेगाने, जेवणखाण आणि झोप विसरून वाचत बसलं, तरी तीन हजार वर्षांहून जास्त वेळ लागेल. म्हणजे खरी गंमत अशी, की तुम्ही प्रश्न विचारता तेव्हा शोधायचं काम जवळजवळ संपलेलं असतं. ते आधीच करून ठेवलेलं असतं.

आधीच म्हणजे कसं? जाडजूड पुस्तकांच्या शेवटी शब्दांची यादी असते, पाहिली आहे? 'शिवनेरी – १२, ४५, १०३' अशी. पुस्तकात पानावर शब्द असतात. या यादीत शब्दापुढे पानं असतात. सगळं उलटंपालटं! शोधयंत्राच्या पोटात असते ती हीच उलटी यादी, फक्त अवाढव्य.

ही युक्ती संगणकवाल्यांची नाही बरं का. १२३०च्या सुमारास पॅरिसमध्ये ह्यू ऑफ सेंट-शेर नावाच्या धर्मगुरूंच्या देखरेखीखाली अनेक भिक्षूंनी मिळून लॅटिन बायबलची अशी यादी केली होती. कागदाचे चिठोरे नाहीत, छपाई नाही, सगळं हाताने. पण त्यांच्या यादीत एक कमतरता होती. शब्द कुठे आला आहे एवढंच कळायचं, आजूबाजूचं वाक्य नसायचं. मग दर वेळी ग्रंथ उघडा आणि बघा! पुढे इंग्लंडच्या भिक्षूंनी शब्दासोबत वाक्याचा तुकडाही लिहायला घेतला. आज शोधाच्या प्रत्येक उत्तराखाली दोन ओळी दिसतात ना, तेच ते.

चला, आपण एक चिमुकलं शोधयंत्र बनवू. आपलं इंटरनेट चारच पानांचं आहे:

पान १ : माकड झाडावर चढलं आणि माकड हसलं.
पान २ : कोल्हा झाडाखाली बसला आणि हसला.
पान ३ : कावळा झाडावर बसला आणि उडाला.
पान ४ : माकड आणि मगर नदीत पोहत होते.

उलटी यादी करायची. 'माकड' पान १ आणि ४. 'झाडावर' १ आणि ३. 'बसला' २ आणि ३. 'मगर' फक्त ४. आणि 'आणि'? १, २, ३, ४. तो सगळीकडे घुसलाय!

आता कोणी विचारलं 'झाडावर माकड', तर पानं चाळायची गरजच नाही. दोन शब्दांच्या दोन याद्या काढायच्या आणि दोन्हींत कोणतं पान आहे ते बघायचं. पान १. झालं काम.

याद्या लांब असल्या तर? त्यासाठी दोन बोटं पुरतात. समजा, 'कोकण' हा शब्द पान ३, ८, २१, ४० वर आहे आणि 'रेल्वे' ८, ९, ४०, ५२ वर. एक बोट पहिल्या यादीच्या सुरुवातीला, दुसरं दुसऱ्या यादीच्या. नियम एकच: लहान आकड्यावरचं बोट पुढे सरकवा. ३ आणि ८. ३ लहान, सरकवा. ८ आणि ८, सापडलं! दोन्ही सरकवा. २१ आणि ९, ९ लहान. २१ आणि ४०, २१ लहान. ४० आणि ४०, सापडलं! पहिली यादी संपली, आपणही थांबलो. मागे वळून एकदाही पाहावं लागलं नाही.

बरं, या ढीगभर शब्दांतून 'कोकण' हा शब्द तरी कसा पटकन सापडतो? यादी अकारविल्हे लावली असेल तर मधोमध उघडायची. शब्द आधी आहे की नंतर ते बघायचं आणि निम्मी यादी सोडून द्यायची. मग उरलेल्या निम्मीचं पुन्हा तेच. दहा लाख शब्द असले तरी वीस वेळा बघितलं की शब्द हाताशी. पटत नसेल तर दहा लाखाला वीस वेळा दोनने भागून बघा, काय उरतं ते.

पण पान सापडणं हा सोपा भाग झाला. 'कोकण रेल्वे' हे दोन शब्द असलेली पानं हजारोंनी असणार. त्यातलं पहिलं कोणतं दाखवायचं? खरं डोकं लागतं ते इथे.

इथे भेटू या कॅरन स्पार्क जोन्स यांना. १९३५ साली इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड गावी जन्म, केंब्रिजमध्ये शिक्षण, तेही इतिहासाचं! काही काळ त्यांनी शाळेत शिकवलंही. मग त्या संगणक आणि भाषा यांच्या अभ्यासात शिरल्या त्या कायमच्या. संगणकाचं काम इतकं महत्त्वाचं आहे, की ते एकट्या पुरुषांवर सोपवून चालायचं नाही, असं त्या म्हणत. १९७२ साली त्यांनी एक लेख लिहिला. त्यातली कल्पना ऐकली की वाटतं, अरे, हे तर मलाही सुचलं असतं! (सुचलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.) कल्पना अशी: जो शब्द सगळीकडे असतो तो शोधायला कुचकामी, जो मोजक्याच ठिकाणी असतो तो मोलाचा.

आपल्या चार पानांवर करून पाहू. पानं एकूण चार. शब्द जितक्या पानांवर आहे तिथवर पोचायला चारला किती वेळा निम्मं करावं लागतं, तितके त्या शब्दाचे गुण. 'आणि' चारही पानांवर आहे, म्हणजे निम्मं करायलाच नको: शून्य गुण. 'माकड' दोन पानांवर, एकदा निम्मं: १ गुण. 'मगर' एकाच पानावर, चाराचे दोन, दोनाचा एक: २ गुण. याचं पक्कं गणित वरच्या वर्गात लॉगरिदम नावाने भेटेल.

आता विचारा 'माकड आणि मगर'. पान ४ ला माकडाचा १, 'आणि'चा ०, मगरीचे २, एकूण ३. पान १ वर मगर नाही, पण माकड दोनदा आलंय म्हणून २. बाकी दोघांना भोपळा. पान ४ पहिलं! आणि बघा, 'आणि'ला हाकलून द्या असं आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो आपोआपच गप्प बसला.

तुमच्यातला एखादा खोडकर आता म्हणेल, "मी माझ्या पानावर माकड, माकड, माकड असं पाचशे वेळा लिहीन. पाचशे गुण!" बरोबर. इंटरनेटवर लोकांनी अगदी हेच केलं. काही महाभागांनी तर पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लिहून ठेवले, माणसाला दिसू नयेत पण यंत्राला मिळावेत म्हणून!

यावरचा उपाय लंडनच्या सिटी विद्यापीठात तयार झाला. स्टीफन रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी तिथे ओकापी नावाच्या शोधप्रणालीवर काम करत होते. (ओकापी हा जिराफाचा चुलत भाऊ. पाय झेब्र्यासारखे पट्ट्यापट्ट्यांचे. चित्र नक्की बघा.) त्यांच्या सूत्राचं नाव बीएम-२५. त्यात शब्द पुन्हा पुन्हा आला तर गुण वाढतात, पण दर वेळी आधीपेक्षा कमी. नेहमीच्या मापाने शब्द एकदा आला तर १ गुण, दोनदा आला तर साधारण १.४, दहा वेळा आला तर जेमतेम २. आणि पाचशे वेळा? २.२ सुद्धा नाही! आपल्या खोडकराची बोटं दुखली ती फुकटच. १९९० च्या दशकातलं हे सूत्र आजही कितीतरी शोधपेट्यांमागे काम करतंय.

दुसरा उपाय अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या विद्यार्थ्यांचा. पान स्वतःबद्दल काय म्हणतं ते सोडा, इतर पानं त्याच्याकडे बोट दाखवतात का ते बघा! कल्पना करा, एक रिकामटेकडा माणूस एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर उड्या मारत भटकतोय. शंभरातल्या साधारण ८५ वेळा तो समोरचा दुवा धरतो, १५ वेळा कंटाळून कुठल्या तरी भलत्याच पानावर जाऊन टपकतो. तो ज्या पानावर जास्त वेळा सापडेल, ते पान वजनदार. ही पद्धत मांडणाऱ्या निबंधावर त्यांच्याबरोबर जम्मूत जन्मलेले प्राध्यापक राजीव मोटवानी यांचंही नाव आहे. त्याच वर्षी, १९९८ मध्ये, गूगल कंपनी सुरू झाली.

आता जरा आपल्या चार पानांकडे परत या. नुसतं 'झाड' शोधा बरं. काय मिळालं?

काहीच नाही! तीन पानांवर झाड आहे, तरी यंत्र म्हणतं, सापडलं नाही. कारण यादीत 'झाडावर' आहे, 'झाडाखाली' आहे, नुसतं 'झाड' कुठेच नाही.

इंग्रजीलाही हा त्रास आहे, पण थोडका. मार्टिन पोर्टर यांनी १९८० साली शब्दांची शेपटं कापायचे नियम प्रसिद्ध केले आणि इंग्रजीचं बरंचसं भागलं. मराठीचं तसं नाही. आपण एका शब्दाला डबे जोडत सुटतो: घर, घरासमोर, घरासमोरचा, घरासमोरच्यांना, घरासमोरच्यांनासुद्धा! त्यात मूळ शब्दही रूप बदलतो. 'देवळात'मधलं 'ात' कापलं तर उरतं 'देवळ', पण आपल्याला हवं 'देऊळ'. 'पावसात'मधून 'पाऊस' काढायचा, 'पाण्यात'मधून 'पाणी'. आणि यंत्र कापायच्या भरात आलं तर विचारूच नका. 'वरात'मधलं 'ात' कापलं, उरला 'वर'. वरात गेली, नवरदेव तेवढा राहिला! 'बंगला'मधला 'ला' उडवला तर 'बंग'. मराठी शोधयंत्र घडवणाऱ्यांना म्हणूनच कात्रीबरोबर शब्दकोशही जवळ ठेवावा लागतो.

मग कुणाची कात्री चांगली हे ठरवायचं कसं? चक्क परीक्षा घेऊन. इंग्लंडमध्ये क्रॅनफील्ड इथल्या विमानविद्येच्या महाविद्यालयात सिरिल क्लेव्हरडन नावाचे ग्रंथपाल होते. त्यांनी १९६० च्या दशकात १,४०० शोधनिबंध घेतले, प्रश्न ठरवले आणि कोणत्या प्रश्नाला कोणते निबंध उपयोगी आहेत हे माणसांकडून तपासून घेतलं. झाली उत्तरपत्रिका तयार! प्रत्येक पद्धतीला दोन गोष्टी विचारायच्या. जे शोधून आणलंस त्यातलं कामाचं किती? आणि जे कामाचं होतं त्यातलं आणलंस किती? एकातच पैकीच्या पैकी मिळवणं सोपं आहे: सगळेच निबंध आणून टाका, कामाचा एकही सुटणार नाही. पण मग पहिल्या प्रश्नात नापास! आणि निकाल काय लागला, माहीत आहे? तज्ज्ञांनी खपून तयार केलेल्या भारदस्त विषयसूचींपेक्षा निबंधातले साधे सुटे शब्दच जास्त कामाला आले. पुष्कळांना तो निकाल पचायला जड गेला.

आपल्याकडच्या भाषांसाठी अशी परीक्षा २००८ पासून घेतली जाते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकाराने 'फायर' नावाचा उपक्रम सुरू झाला, त्यात हिंदी आणि बांगलाबरोबर मराठीही होती. मराठी बातम्यांचा ढीग, मराठी प्रश्न, मराठी उत्तरपत्रिका. कात्र्या पारखायला याहून चांगली जागा नाही.

ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर? 'कीर्ती'चं 'किर्ती' झालं तर मराठीच्या बाई लाल गोल करतात. यंत्र मात्र मोजतं, की एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा गाळावी लागतात. ही मोजणी रशियन शास्त्रज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ साली मांडली. एकच बदल लागत असेल तर यंत्र विचारतं, तुम्हाला 'कीर्ती' म्हणायचं होतं का?

आणि 'वाघ' विचारलं, पण पानावर 'व्याघ्र' असेल तर? अक्षरं मोजून तिथे भागत नाही. त्यासाठी संगणक ढीगभर मजकूर वाचून कोणते शब्द कोणाच्या शेजारी बसतात ते शिकतो. दोघांच्या शेजारी जंगल, शिकार, अभयारण्य हेच दिसलं, की दोघांना जवळजवळची जागा देतो. २०१३ नंतर या पद्धतीने फार मोठी झेप घेतली. पण त्याची गोष्ट पुन्हा कधीतरी.

आता तुमची पाळी. मराठीच्या पाठ्यपुस्तकातला एखादा धडा घ्या. त्यातल्या दहा परिच्छेदांना क्रमांक द्या आणि वहीत उलटी यादी करा. शेपटं कापायची की नाही ते तुम्हीच ठरवा, पण ठरवलेला नियम शेवटपर्यंत पाळा. मग घरच्यांना दोन-तीन शब्दांचे प्रश्न विचारायला सांगा आणि गुण देऊन उत्तरं लावा. आणि आम्हाला एवढं जरूर लिहून पाठवा: सगळ्यात जास्त परिच्छेदांत कोणता शब्द सापडला? 'आणि', 'आहे', की तिसराच कुठला?