ताळेबंदाआडची जोखीम

ताळेबंद हा निव्वळ आकड्यांचा तक्ता नसतो. कोणते कर्ज बुडीतकडे झुकले आहे, हे केव्हा मान्य करायचे याचा निर्णय त्यामागे असतो. गोव्यापासून मध्य प्रदेशापर्यंत शाखा असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी (पीएमसी) बँकेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

हप्ता वा व्याज ९० दिवसांहून अधिक काळ थकले, की कर्ज अनुत्पादक ठरते. त्यासाठी नफ्यातून तरतूद करावी लागते; नफा घटतो, भांडवल आक्रसते, बँकेचे मूल्य उतरते. मार्च २०१९अखेर पीएमसीने ढोबळ अनुत्पादक कर्जे अवघी ३.७६ टक्के दाखवली होती. प्रत्यक्षात सुमारे ७० टक्के कर्ज एकट्या एचडीआयएल या बांधकाम समूहाकडे अडकले होते आणि ते २१,०४९ बनावट खात्यांआड दडवल्याचा आरोप झाला.

भागबाजारात नोंदलेल्या कंपनीबाबत शंका आली, तर भाव घसरून इशारा मिळतो. सहकारी बँकेच्या ठेवीदाराला ती सोय नाही. त्याच्या हाती असतो तो वार्षिक अहवालच. तोच खोटा निघाला, तर त्याने पाहायचे कुठे?

सप्टेंबर २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा आरंभी सहा महिन्यांसाठी अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा होती. जानेवारी २०२२मध्ये पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ५ लाखांवरील ठेवी मात्र टप्प्याटप्प्याने, १० वर्षांपर्यंत परत मिळणार आहेत.