जंतुनाशक माउथवॉश : हिरड्यांतील रक्तस्रावावरील उपयोग व मर्यादा

प्रस्तावना :
दात घासताना हिरड्यांतून रक्त आले की अनेक जण त्या भागावर ब्रश फिरवणे टाळतात आणि केवळ माउथवॉशच्या गुळण्यांवर विसंबून राहतात. वस्तुतः स्वच्छतेची सर्वाधिक गरज त्याच भागास असते. त्यामुळे माउथवॉश नेमके काय साधते व काय साधू शकत नाही, हे जाणून घेणे आवश्यक ठरते.

प्लाक व हिरड्यांचा दाह :
दातांवर सतत साचणाऱ्या जिवाणूंच्या चिकट थरास प्लाक म्हणतात. तो तसाच राहिल्यास हिरड्या लाल होतात, सुजतात व त्यांतून सहज रक्त येते. हॅराल्ड ल्यो व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ निरोगी व्यक्तींनी दात घासणे थांबविले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला. स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर तो नाहीसा झाला.

क्लोरहेक्सिडिनचे कार्य :
ल्यो व शॉट यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या १० मिलिलिटर द्रावणाने दिवसातून दोनदा गुळण्या केल्यास दात न घासताही प्लाक साचण्यास प्रतिबंध होतो. या द्रव्याचे रेणू धनभारित असल्याने ते दातांच्या व तोंडातील आवरणाच्या ऋणभारित पृष्ठभागास चिकटतात आणि हळूहळू मुक्त होत राहतात. परिणामी त्याचा प्रभाव अनेक तास टिकतो.

मर्यादा :
या प्रयोगाच्या आरंभी सहभागी व्यक्तींचे दात स्वच्छ करण्यात आले होते, ही बाब महत्त्वाची आहे. माउथवॉश नवा थर रोखते. मात्र आधीच साचलेल्या दाट थरात ते खोलवर पोहोचत नाही. हॉलंडमधील अंतोनी व्हान लेव्हेनहुक यांनी १६८३ च्या पत्रात हेच नोंदविले होते. व्हिनेगरने चूळ भरूनही दातांवरील थरात सूक्ष्मजीव जिवंत आढळले. व्हिनेगर थराच्या केवळ बाहेरील जीवांना मारते, आतपर्यंत जात नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. प्लाक कठीण होऊन बनलेले कीटण तर कोणत्याही गुळणीने निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते.

क्लोरहेक्सिडिनच्या दीर्घकालीन वापराने दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते व कीटण वाढू शकते. टूथपेस्टमधील फेस आणणाऱ्या ऋणभारित घटकामुळे त्याचा प्रभाव घटतो. म्हणून दात घासणे व गुळणी यांत साधारण अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे.

समारोप :
हिरड्यांच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा दात घासणे तात्पुरते अशक्य असताना माउथवॉश निश्चितच उपकारक ठरते. तथापि ते ब्रशला पूरक आहे, पर्याय नव्हे. हिरड्यांचा दाह सुरुवातीस पूर्णतः बरा होतो. परंतु तो दुर्लक्षिल्यास दातांना आधार देणारे हाड झिजू शकते आणि झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. म्हणून वारंवार येणारे रक्त ही ब्रश थांबविण्याची नव्हे, तर मऊ ब्रशने स्वच्छता सुरू ठेवून दंतवैद्याकडून तपासणी करून घेण्याची सूचना मानली पाहिजे.