संगणकाचा वेग आणि मदरबोर्डाची निवड

संगणक जुना झाला म्हणजे तो निरुपयोगी झाला, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु संगणकाचे सर्व अवयव एकाच वेळी जीर्ण होत नाहीत. पुष्कळदा असे आढळते, की गणिते करणारा प्रोसेसर दहा-बारा वर्षांनंतरही ठणठणीत असतो. ज्या मोठ्या पाटीवर तो बसविलेला असतो, तो मदरबोर्ड मात्र आधी थकतो. अशा वेळी दुसरा मदरबोर्ड आणून संगणक पुन्हा चालू करावा आणि त्याच खर्चात त्याचा वेगही वाढवून घ्यावा, अशी कल्पना हौशी विद्यार्थ्यांच्या मनात येते. कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर चालविणे, यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कल्पना वाईट नाही. पण पैसे आई-वडिलांच्या कष्टाचे असतात आणि बहुतेक घरांत संगणक एकच असतो. त्यावर धाकट्या बहिणीचा अभ्यास असतो, घरातील हिशेब असतो, जुनी छायाचित्रे असतात. म्हणून खरेदीपूर्वी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे : वेग प्रोसेसरचा दिसतो, पण त्याचा भार मदरबोर्ड वाहतो. बोर्डाची निवड करताना हा भार कोण, कसा आणि किती काळ वाहील, हेच पाहावयाचे असते.

विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून एक निश्चित उदाहरण घेऊ. इंटेल कंपनीने जानेवारी २०११ मध्ये दुसऱ्या पिढीचे कोअर प्रोसेसर बाजारात आणले. त्यांतील आय५-२५००के हा प्रोसेसर वेग वाढविणाऱ्यांमध्ये विशेष प्रसिद्ध झाला आणि आजही कित्येक संगणकांत तो चालू आहे. त्याचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३३० कोटी ठोके. हा वेग कसा तयार होतो? भजनात टाळकरी एक ठेका धरतो आणि मृदंग वाजविणारा त्या एका ठेक्यात अनेक बोल बसवितो. तसेच येथे घडते. मदरबोर्डावरील चिपसेट १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठेका देतो आणि प्रोसेसर त्याला ३३ ने गुणतो. १०० गुणिले ३३ म्हणजे ३,३०० मेगाहर्ट्झ. गुणक ४५ केला, की वेग ४.५ गिगाहर्ट्झ होतो.

मग मूळ ठेकाच का वाढवू नये, असे कोणी विचारील. फार जुन्या संगणकांत तसे करीत असत. पण या पिढीत तोच ठेका हार्ड डिस्क, यूएसबी इत्यादी इतर मार्गांनाही पुरविला जातो. तो शेकडा चार-पाचांपेक्षा अधिक वाढविला, तर हे बाकीचे सोबती अडखळू लागतात. म्हणून गुणक वाढविणे हाच खरा मार्ग उरतो. हा गुणक मोकळेपणी बदलण्याची मुभा ज्यांच्या नावाअखेर ‘के’ हे अक्षर आहे, त्याच प्रोसेसरांना दिलेली आहे. ‘के’ नसलेल्या आय५ व आय७ प्रोसेसरांत थोडीशीच वाढ करता येते. आय३ मध्ये तर मुळीच नाही. तेव्हा बोर्ड शोधण्यापूर्वी आपल्या प्रोसेसरचे पूर्ण नाव वाचावे. पुष्कळांचा खर्च येथेच वाचेल.

प्रोसेसरला मुभा असली, तरी मदरबोर्डाची संमती लागतेच. ही संमती चिपसेटवर अवलंबून असते. आपल्या उदाहरणातील प्रोसेसर एलजीए ११५५ या सॉकेटमध्ये बसतो. ११५६ किंवा ११५० हे आकडे कितीही जवळचे वाटले, तरी ते सॉकेट निराळे. त्यांत हा प्रोसेसर चालणार नाही. ११५५ सॉकेटच्या बोर्डांपैकी पी६७, झेड६८, झेड७५ आणि झेड७७ हे चिपसेट गुणक वाढवू देतात. एच६१, एच६७, बी७५ व एच७७ हे साधारणतः देत नाहीत. आज दुकानात या सॉकेटचा जो कोरा बोर्ड मिळतो, तो बहुधा एच६१ चाच असतो. संगणक चालू करण्यापुरता तो पुरेसा आहे, पण वेगवृद्धीसाठी त्याचा उपयोग नाही. त्यामुळे या कामासाठी वापरलेलाच बोर्ड शोधावा लागतो, आणि म्हणूनच तो पारखून घेण्याची विद्या अंगी असावी लागते.

वरच्या चार चिपसेटांतही भेद आहेत. पी६७ च्या बोर्डाला पडदा जोडण्याची सोय नसते; त्याला निराळे ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागते. ते घरात नसेल, तर स्वस्तात मिळालेला पी६७ शेवटी महाग पडतो. झेड६८ आणि झेड७७ च्या बहुतेक बोर्डांवर ही सोय असते. शिवाय २०१२ मध्ये आलेले तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर याच सॉकेटमध्ये बसत असले, तरी २०११ सालच्या बोर्डात बायोसची नवी आवृत्ती घातल्याशिवाय ते ओळखले जात नाहीत.

पी६७ बद्दल आणखी एक इतिहास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने जाहीर केले, की आपल्या सहा-मालिकेच्या चिपसेटमध्ये दोष राहिला असून हार्ड डिस्क जोडण्याच्या काही सॅटा मार्गांची कार्यक्षमता कालांतराने घटू शकते. एका सूक्ष्म ट्रान्झिस्टरवर गरजेपेक्षा अधिक दाब पडत होता, असे त्याचे कारण सांगण्यात आले. दोषयुक्त आवृत्तीला बी२ आणि सुधारलेल्या आवृत्तीला बी३ म्हणतात. म्हणून पी६७ किंवा एच६७ चा जुना बोर्ड घेताना तो बी३ आहे, याची खात्री करून घ्यावी. यात आपल्या विषयाचाही धडा आहे. थोडासा जादा दाब पहिल्या दिवशी काहीच बिघडवीत नाही. तो महिनोन्महिने हळूहळू झिजवितो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. वेग वाढविला म्हणजे भार किती वाढतो? प्रोसेसरला लागणारी शक्ती वेगाच्या प्रमाणात वाढते. पण व्होल्टेजच्या ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. हिशेबासाठी असे धरू, की ३.६ गिगाहर्ट्झ वेगाला १.२ व्होल्ट दाबाने १०० वॅट शक्ती लागते. वेग ४.५ केला, म्हणजे सव्वापट झाला. एवढ्या वेगात चुका होऊ नयेत म्हणून व्होल्टेज १.३५ करावे लागले. १.३५ भागिले १.२ म्हणजे १.१२५, त्याचा वर्ग सुमारे १.२७. सव्वाला १.२७ ने गुणा. शक्ती सुमारे १५८ वॅट होते. वेग सव्वापट, पण खर्च आणि उष्णता दीडपटीहून अधिक!

याहून आश्चर्याची गोष्ट विद्युत्प्रवाहाची आहे. आपल्या घरचा १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा २३० व्होल्टवर अर्धा अँपिअरसुद्धा प्रवाह घेत नाही. परंतु १.३५ व्होल्टवर १५८ वॅट पोहोचवावयाचे म्हणजे सुमारे ११७ अँपिअर प्रवाह लागतो. भिंतीवरचे साधे सॉकेट सहा अँपिअरचे असते, हे आठवा, म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल. एवढा प्रवाह तळहाताएवढ्या जागेतून अखंड वाहून नेणे हे मदरबोर्डाचे काम आहे.

हे काम प्रोसेसरभोवतीचे व्होल्टेज नियामक करतात. आमच्या गोव्यातील खाजन शेतीच्या बांधावर मानस असते. भरतीचे पाणी किती आत घ्यावयाचे व किती बाहेर सोडावयाचे, हे तिची दारे ठरवितात. नियामकातील मॉसफेट ही अशीच दारे होत. वीजपुरवठा पेटीकडून आलेल्या १२ व्होल्टच्या प्रवाहाला ती सेकंदाला काही लाख वेळा उघडझाप करून तुकड्यातुकड्यांनी आत सोडतात. पुढे वेटोळे आणि कपॅसिटर ते तुकडे जोडून संथ, एकसारखा प्रवाह तयार करतात. बांधावर एकच मानस असेल, तर उधाणाचा सारा जोर तिच्यावर पडतो. अनेक असतील, तर तो वाटला जातो. मदरबोर्डावरील अशा प्रत्येक वाटेला फेज म्हणतात. चार फेज असल्या, तर ११७ अँपिअरपैकी प्रत्येकीच्या वाट्याला २९ अँपिअर येतात; आठ असल्या, तर साधारण १५. प्रवाहामुळे होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून प्रवाह निम्मा झाला, की त्या वाटेवरील उष्णता चतुर्थांशावर येते. महाग बोर्ड आणि स्वस्त बोर्ड यांतील खरा फरक येथे आहे.

तेव्हा बोर्ड हाती घेतल्यावर प्रथम सॉकेटच्या बाजूला पाहावे. मॉसफेटवर धातूचे उष्णताशोषक घट्ट बसविलेले आहेत काय? वेटोळ्यांच्या चौकोनी डब्या किती आहेत? प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची जोडणी चार खिळ्यांची आहे की आठ? ज्या बोर्डावर मॉसफेट उघडे आहेत, डब्या तीन-चारच आहेत आणि जोडणी चार खिळ्यांची आहे, त्याचा चिपसेट कितीही मुभा देवो, त्याच्यावर जादा भार टाकू नये. अनुमती आणि सामर्थ्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

नंतर कपॅसिटर पाहावेत. जुन्या, द्रवयुक्त कपॅसिटरचे डोके फुगलेले किंवा तपकिरी डागाळलेले असेल, तर तो बोर्ड परत करावा. त्यांचे आयुष्य उष्णतेवर अवलंबून असते. साधारण नियम असा, की तापमान दहा अंशांनी उतरले, की आयुष्य दुप्पट होते. १०५ अंशांवर २,००० तास टिकणारा कपॅसिटर ८५ अंशांवर ८,००० तास आणि ६५ अंशांवर ३२,००० तास टिकेल. दिवसाला आठ तास संगणक चालला, तर पहिला हिशेब तीन वर्षेही भरत नाही; दुसरा जवळजवळ अकरा वर्षांचा होतो. सपाट डोक्याचे घन कपॅसिटर याहून टिकाऊ असतात. म्हणून तेच असलेला बोर्ड निवडावा.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आणखी सावध असावे. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेने तांब्याच्या जोडण्यांवर हिरवट कळा चढते आणि लोखंडी खिळ्यांना गंज लागतो. उन्हाळ्यात खोलीचे तापमानच तेहतीस-चौतीस अंश असते. थंड प्रदेशात कोणी अमुक वेग गाठला, हे वाचून आपणही तोच आकडा गाठू, असे समजणे बरोबर नव्हे. खोली जितकी अधिक उष्ण, तितका आत प्रोसेसरही अधिक तापतो.

वापरलेल्या बोर्डाची शेवटची परीक्षा सॉकेटची. या पद्धतीत १,१५५ बारीक खिळे बोर्डावरच असतात. उजेडात तिरके धरून पाहिले, की त्यांच्या रांगा शिस्तीने चमकतात. एखादा वाकलेला असेल, तर तेथे चमक मोडते. शक्य असल्यास विक्रेत्याकडेच निदान अर्धा तास बोर्ड चालवून पाहावा, रॅमचे सर्व खण आणि सॅटाचे सर्व मार्ग तपासावेत, मगच पैसे द्यावेत. बोर्ड पेटीत बसेल ना, हेही मोजावे : एटीएक्स बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटरचा, तर मायक्रो एटीएक्स २४४ मिलिमीटर चौरस असतो.

बोर्ड बसविण्यापूर्वी घरातील सर्व कागदपत्रे व छायाचित्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावीत. त्यानंतर गुणक एकदम न वाढविता एकेक पायरीने वाढवावा, प्रत्येक पायरीवर प्रोसेसरला तासभर पूर्ण कामास लावावे आणि तापमान ऐंशी अंशांच्या आत राहते की नाही, हे पाहावे. संगणक अडखळला, की एक पायरी खाली यावे. खाली येण्यात कमीपणा नाही.

शेवटी एक प्रश्न उरतो : हे सारे करावेच काय? संगणक उघडण्यास वेळ लागतो, ही तक्रार असेल, तर तिचे कारण बहुधा फिरती हार्ड डिस्क किंवा अपुरी रॅम असते. तेथे साधा एच६१ बोर्ड आणि एक एसएसडी यांनी जो फरक पडेल, तो ४.५ गिगाहर्ट्झनेही पडणार नाही. शिवाय विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ या जुन्या प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारीत नाही. त्यामुळे या यंत्रावर लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीचा विचार करणे शहाणपणाचे ठरेल. पण ज्याला चलच्चित्रे संपादित करावयाची आहेत, मोठी गणिते सोडवावयाची आहेत, किंवा यंत्र आतून कसे चालते हे स्वतःच्या हातांनी शिकावयाचे आहे, त्याने अवश्य हा उद्योग करावा. त्याने दुकानात वेगाचा आकडा शेवटी विचारावा. आधी सॉकेट, मग चिपसेट, मग नियामक, मग कपॅसिटर, या क्रमाने पाहत जावे. बांध मजबूत आहे याची खात्री करून घ्यावी आणि मगच पाणी सोडावे.