विश्वाचा आदिप्रकाश

१९६४ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात होमडेल येथे आर्नो पेन्झियास व रॉबर्ट विल्सन हे शास्त्रज्ञ कर्ण्याच्या आकाराची मोठी अँटेना आकाशाकडे रोखून रेडिओलहरी तपासीत होते. यंत्रात एक मंद खरखर सतत येई. अँटेना कोणत्याही दिशेस वळविली तरी ती तेवढीच राही. अँटेनात कबुतरे राहिली होती. त्यांना हुसकून, त्यांची घाण काढून सारे स्वच्छ केले. तरीही खरखर थांबली नाही. ती विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रकाशाची खूण होती! या शोधाबद्दल दोघांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय तप्त व दाट होते. धुक्यात दिव्याचा उजेड अडकावा, तसा प्रकाश त्यात कोंडला होता. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व निवले, अणू बनले व प्रकाशाला वाट मोकळी झाली. विश्वाच्या प्रसरणाने ताणला गेलेला तोच प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपाने येतो. त्याचे तापमान सुमारे उणे २७० अंश सेल्सिअस आहे.

हे तापमान सर्व दिशांना जवळजवळ सारखे कसे? ऊन व थंड पाणी एकत्र आल्यावाचून सारखे होत नाही. आकाशाच्या दोन विरुद्ध टोकांचे प्रदेश तर इतके दूर होते, की प्रकाशही एकाकडून दुसऱ्याकडे पोचला नसता.

१९८१ साली ॲलन गुथ यांनी याचे उत्तर मांडले. आरंभी, निमिषाच्याही अत्यल्प अंशात, विश्व प्रचंड वेगाने फुगले. त्यापूर्वी ते प्रदेश शेजारीच होते. या घटनेस ‘स्फीती’ म्हणतात. स्फीतीत सूक्ष्म चढउतारही ताणले गेले असावेत. १९९२ साली ‘कोबे’ उपग्रहाच्या निरीक्षणांत तापमानातील असे फरक दिसले. ते लाखात सुमारे एक भाग इतके सूक्ष्म होते. त्या किंचित दाट जागांतूनच पुढे दीर्घिका व तारे जन्मले.

तथापि स्फीतीचा निर्णायक पुरावा अजून हाती आलेला नाही. स्फीतीतून उठलेल्या गुरुत्वलहरींची खूण या प्रकाशात सापडल्याचे २०१४ साली दक्षिण ध्रुवावरील दुर्बिणीच्या पथकाने जाहीर केले. ‘प्लँक’ उपग्रहाच्या निरीक्षणांशी ती ताडून पाहता, आपल्याच दीर्घिकेतील धुळीमुळे तसे भासले असावे, असे २०१५ साली आढळले. या पडताळणीत ते पथकही सामील होते. होमडेलला दोष वाटलेली खरखर मोलाची ठरली. ध्रुवावरील मोलाची वाटलेली खूण टिकली नाही. दोन्ही वेळी सत्य उमगले, ते पुन्हा पुन्हा तपासून पाहण्याच्या चिकाटीमुळेच.