मुनीम, एजंट आणि जनरल मॅनेजर

पेढीचा शेठ गादीवर बसूनच सारा व्यवहार पाहत असे. मुनीम किर्द-खतावणी लिही, हुंड्या वटवी. निर्णय मात्र शेठचा. मालकाची नजर पोहोचेल तेवढाच धंदा, अशी ती रीत होती. रेल्वेचे रूळ शेकडो मैल पसरले आणि ही नजर तोकडी पडली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील वेस्टर्न रेल्वेवर ऑक्टोबर १८४१ मध्ये दोन प्रवासी गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली. त्यानंतर त्या कंपनीने मार्गाचे विभाग पाडले आणि कोणी कोणाला जबाबदार, हे ठरवून दिले. मालक नसूनही अधिकार गाजविणारा पगारी माणूस अशा निकडीतून पुढे आला.

आपल्याकडेही या पदाचा धडा रेल्वेनेच दिला, हा योगायोग नव्हे. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हा जमशेटजी टाटांचे बिऱ्हाड मुंबईत होते. मिलचा कारभार त्यांनी सोपविला बेझनजी मेहतांकडे. मेहता जी. आय. पी. रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. कताई-विणाईचा त्यांना अनुभव नव्हता. यंत्रांची जाण असलेले जेम्स ब्रुक्सबी सोबतीला होतेच. जमशेटजींनी हेरली ती मेहतांची माणसे आणि माल हाताळण्याची हातोटी.

मुंबईच्या अनेक गिरण्यांत मात्र निराळेच चालले होते. तेथे खरी सत्ता मॅनेजिंग एजंटांची. दर पौंड सुतामागे पाव आणा दलाली त्यांना मिळे, मग गिरणीला नफा होवो की तोटा! सूत पडून राहिले तरी एजंटाचे काही बिघडत नसे. या व्यवस्थेत मॅनेजर म्हणजे मोठ्या पगाराचा मुनीमच. कायद्याने एजंटांना हळूहळू वेसण घातली आणि अखेर ३ एप्रिल १९७० पासून ही पद्धत बंद झाली. अहमदाबाद व कलकत्ता येथे १९६१ मध्येच व्यवस्थापन संस्था निघाल्या होत्या. पदवीधर मॅनेजर तयार होऊ लागले होते.

२०१३ च्या कंपनी कायद्यात ‘मॅनेजर’ म्हणजे कंपनीचा संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण कारभार पाहणारी व्यक्ती. व्यवहारात मात्र एकेका बँकेत अनेक जनरल मॅनेजर सापडतात. पदाचे नाव स्वस्त झाले, अधिकार तेवढा सढळ हाताने वाटला गेला नाही. कुटुंबाच्या मालकीच्या कारखान्यात तर एजंट गेला तरी घराणे राहिले. टाळेबंदीची नोटीस दारावर लागते, तेव्हा खाली सही मॅनेजरची असते. निर्णय कोणाच्या दिवाणखान्यात झाला, हे कामगाराला त्या सहीवरून कळत नाही.