नाण्यावरचे एक निशाण कमी झाले!

शेतकरी बंधू-भगिनींनो, दाण्यावरच्या बारीक खुणेवरून तुम्ही बियाण्याची जात ओळखता. जुन्या नाण्यांचेही तसेच असते.

रोमचा बादशहा कॉन्स्टंटाईन याच्या काशाच्या नाण्यांवर इ. स. ३३० च्या सुमारास दोन शिपाई व त्यांच्यामध्ये दोन निशाणे असत. ३३५ च्या सुमारास निशाण एकच उरले. नाणेही अडीच ग्रॅमवरून दीड-पावणेदोन ग्रॅमवर आले. तळाची अक्षरे टांकसाळीचे गाव सांगतात.

त्या उत्तरकाळातली रोमन नाणी तामिळनाडूतही सापडली आहेत. तुमच्या नांगराला कुठलेही जुने नाणे लागले, तर चिंचेने घासू नका, वितळवू नका. खूण पुसली की साल गेले, गावही गेले. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरांना कळवावे लागते.