गाडी खाली करण्याआधी गिऱ्हाइकाचे पाय मोजा



ज्यांना गॅरेज किंवा बाइक ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचंय, त्यांनी आजचा लेख शेवटपर्यंत वाचा. विषय आहे क्रूझर गाडीची उंची कमी करायची, पण बसणाऱ्याचा आराम घालवायचा नाही. काम एवढंसं वाटतं, पण याच कामात मी सगळ्यात महाग धडा शिकलो.

बीडला दुकान टाकून सात-आठ महिने झाले होते. एक मुकादम आले. ऊसतोडीचा हंगाम संपला होता, हातात पैसा होता, नवी ३५० सीसीची क्रूझर घेतली होती. उंची कमी. म्हणाले, "भाऊ, सिग्नलला पाय पुरत नाहीत, गाडी जरा खाली बसवा." मी काय केलं? इंचभर आखूड शॉकअप मागवले, अर्ध्या तासात बसवले, पैसे घेतले. पाय टेकले, मुकादम खूश, मी पण खूश.

दहा-बारा दिवसांनी ते परत आले. वहिनींना मागे बसवून मांजरसुंब्याकडे निघाले होते. एका स्पीडब्रेकरवर मागचं चाक वर आलं आणि थेट मडगार्डला घासलं. गाडी लचकली, दोघं पडले. वहिनींचं मनगट मोडलं. मुकादम भांडले नाहीत. आखूड शॉकअप काउंटरवर ठेवले आणि एवढंच म्हणाले, "तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं, मागं कायम माणूस असतो." पैसे मी परत केले, दवाखान्याचा खर्चही दिला. पण ते वाक्य आजही कानात आहे. मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

चूक नेमकी कुठे झाली?

मागचं चाक खड्ड्यात किंवा ब्रेकरवर जेवढं वर-खाली जाऊ शकतं, तेवढी त्या सस्पेन्शनची चाल. आराम या चालीतून मिळतो. शॉकअप आखूड केला की दोनपैकी एक होतं. एकतर चाल कमी होते आणि गाडी ठोकरते. नाहीतर चाल तेवढीच राहते आणि चाक मडगार्डला भिडतं. मग मिस्त्री म्हणतो, कडक स्प्रिंग टाका. कडक स्प्रिंगने घासणं थांबतं, पण प्रत्येक खड्डा कमरेत जातो.

दुसरी गोष्ट, फक्त मागची बाजू खाली केली की पुढचा फोर्क जास्त तिरका होतो. हँडल जड लागतं, हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यात पडतो. साइड स्टँडवर गाडी जवळपास सरळ उभी राहते, वाऱ्यानेही दुसऱ्या बाजूला पडू शकते. म्हणजे दोन शॉकअप बदलले आणि चार नवी कामं तयार झाली.

मग काम कसं करायचं? माझा क्रम असा आहे.

१. आधी विचारा. मागे कोण बसतं? सामान किती असतं? रस्ता कोणता, हायवे का वस्तीचा कच्चा? पाय एकट्याने बसल्यावर पुरत नाहीत, का फक्त गाडी मागे घेताना?

२. मग मोजा. मागचं चाक अधांतरी ठेवून ॲक्सलपासून वरच्या एका पक्क्या खुणेपर्यंत टेप लावा. नंतर गिऱ्हाइकाला बसवून तेच अंतर पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे गाडी त्याच्या वजनाने किती बसते. साधारण एकूण चालीच्या पाव ते एक तृतीयांश फरक चांगला. फारच कमी असेल तर स्प्रिंग त्याच्या वजनाला जास्त ताणलेली आहे.

३. प्रीलोड बघा. रॉयल एनफील्ड मीटिऑर ३५० ला मागे ६ टप्प्यांचा प्रीलोड आहे. बऱ्याच जणांना वाटतं, तो फिरवला की स्प्रिंग मऊ किंवा कडक होते. तसं नसतं, त्याने मुख्यतः गाडीची बसण्याची उंची बदलते. हलक्या माणसासाठी टप्पा कमी केला की थोडी उंची फुकटात कमी होते. पण मागे माणूस बसला की टप्पा परत वाढवायचा, हे त्याला स्वतःच्या हाताने करून दाखवा.

४. सीटला हात घाला. इथे खरी जादू आहे. सीटच्या उंचीइतकीच तिची रुंदी महत्त्वाची. कंपनीच्या आकड्यांनुसार मीटिऑरचं सीट ७६५ मिमी, बजाज ॲव्हेंजर २२० चं ७३७ मिमी आणि क्लासिक ३५० चं ८०५ मिमी. पण सीट पुढून रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय तेवढे आखूड होतात. सीटच्या पुढच्या कडा उतरवल्या की पाय सरळ खाली जातात. मधला फोम थोडा कमी केला तर वर घट्ट फोमचा थर द्यायलाच हवा. नुसता फोम कापला तर तासाभरात माकडहाड बोलायला लागतं.

५. एवढं करूनही पाय पुरत नसतील, तरच शॉकअप. तेही वजनाला साजेशा स्प्रिंगचे. पुढचा फोर्कही हिशोबाने खाली घ्यायचा, आणि गाडी पूर्ण दाबून चाक कुठे घासत नाही ना, ते बघायचं. साइड स्टँड, चेनचा ताण, हेडलाइट पुन्हा जुळवायचे. आणि गावाकडचे ब्रेकर विसरू नका. मीटिऑरचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी आहे. त्यातला इंचभर तुम्ही कमी करताय.

कायदा गिऱ्हाइकाला आधीच सांगा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू घेतली. परवानगी नसलेला बदल केला तर कलम १८२अ नुसार मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून शॉकअप-फोर्कला हात लावण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारून घ्या. प्रीलोड तर कंपनीनेच दिलेला असतो, तो फिरवायला अडचण नाही.

आता कमाईचं बोलू

मागच्या वर्षी एक ताई आल्या, कृषी सहायक. वडिलांची क्रूझर चालवायची होती, रोज चार गावं फिरायची. त्यांनीही आखूड शॉकअपच मागितले. मी अर्धा तास प्रश्न विचारले, टेप लावला. प्रीलोड कमी केला, सीटच्या कडा उतरवून वर घट्ट फोम दिला, जाड तळव्याचे बूट घ्यायला सांगितले. शॉकअप विकलेच नाहीत. बिल झालं अठराशे. शॉकअप विकले असते तर याच्या तिप्पट झालं असतं.

तोटा झाला का? त्यांच्या ऑफिसातले तिघं नंतर दुकानात आले. त्यातल्या एकाने तर आल्या-आल्या विचारलं, "तो टेपवाला माणूस तुम्हीच का?" हीच माझी जाहिरात, तिला एक रुपया लागला नाही.

गिऱ्हाईक तोंडाने वस्तू मागतं. त्याची अडचण वेगळी असते. मुकादमांना आखूड शॉकअप नको होते. त्यांना सिग्नलला पडायचं नव्हतं आणि बायकोला सुखरूप घरी न्यायचं होतं. मी वस्तू विकली आणि अडचण तशीच ठेवली. धंदा कोणताही असो, शिलाईचा, पिठाच्या गिरणीचा, मोबाइल दुरुस्तीचा, हा फरक सगळीकडे लागू आहे.

आजचा गृहपाठ

वही घ्या. तुमच्या धंद्यात गिऱ्हाईक सगळ्यात जास्त मागतं अशी एक वस्तू लिहा. तिच्या खाली पाच प्रश्न लिहा, जे ती वस्तू देण्याआधी तुम्ही विचारले पाहिजेत. तो कागद काउंटरच्या काचेखाली ठेवा.

माझ्या काउंटरच्या काचेखाली पहिला प्रश्न आहे, "मागे कोण बसतं?"

भेटू पुढच्या व्हिडिओत.